धरणारे आणि सोडणारे स्नायू

लहानपणी कोणी ‘ताकद दाखव’ म्हटले की आपण कोपर वाकवून दंडावरची बेटकुळी दाखवत असू. बहुतेकांची स्नायूंशी पहिली ओळख अशी होते आणि पुष्कळांच्या बाबतीत ती तेवढ्यावरच थांबते. हात वाकवणारा स्नायू पुढे, सरळ करणारा मागे, एक आखडला की दुसरा सैल पडतो, असे चित्र शाळेच्या पुस्तकात असते. ते चुकीचे नाही. पण त्या चित्रातला हात हवेत एकटाच असतो. त्याला खांदा नसतो, पाठ नसते, जमिनीवर टेकलेले पाय नसतात आणि पाण्याने काठोकाठ भरलेला पेलाही नसतो. खऱ्या हाताला हे सगळे असते, आणि म्हणूनच टेबलावरचा पेला उचलून ओठांना लावण्याइतक्या साध्या कृतीतही बेटकुळीचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ लहान असतो.

सुरुवात एका मूलभूत गोष्टीपासून करावी लागते. स्नायूला फक्त ओढता येते. दोरीने वस्तू ओढता येते, पण ढकलता येत नाही, तसेच हे आहे. स्नायूच्या आत प्रथिनांचे दोन प्रकारचे अतिसूक्ष्म तंतू एकमेकांत शिरून बसलेले असतात आणि ते एकमेकांवरून सरकले की स्नायू आखूड होतो, हे १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांनी मांडले. एका गटात अँड्र्यू हक्सली होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली. आडनाव एकच, पण नाते काही नाही. तंतू सरकवणारी ही यंत्रणा एकाच दिशेने खेचते. आखूड झालेल्या स्नायूला पुन्हा लांब करायचे तर बाहेरून कोणीतरी ओढावे लागते, मग तो समोरचा स्नायू असो, वजन असो वा गुरुत्वाकर्षण. आपण दार ढकलतो, गाडी ढकलतो, पोळपाटावर लाटणे ढकलतो, तेव्हाही आत कुठे ना कुठे कोणीतरी ओढतच असते. माणसाच्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत आणि त्यांतल्या एकालाही ढकलता येत नाही. एवढी एक मर्यादा लक्षात घेतली तरी त्यांना एकत्र काम का करावे लागते, याचा अर्धाअधिक उलगडा होतो.

आता तो पेला. हात पुढे जाताना खांद्यावरचा जाड स्नायू दंड उचलतो. खांद्याचा सांधा मात्र अगदी उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा त्या मानाने लहानशा खोबणीला जेमतेम टेकलेला असतो. वरचा स्नायू एकटाच ओढू लागला तर हा गोल माथा खोबणीत फिरण्याऐवजी वर सरकून वरच्या हाडाच्या छताला घासेल. तसे होऊ नये म्हणून सांध्याभोवतालचे चार लहान स्नायू त्याला आत दाबून धरतात. ते हात उचलत नाहीत, पण त्यांच्यावाचून हात नीट उचलला जात नाही. त्याच वेळी पाठीवरचे खांद्याचे फावड्यासारखे हाड बरगड्यांवरून सरकत वळत असते. हात सरळ डोक्यावर न्यायचा तर होणाऱ्या १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० या हाडाच्या वळण्यातून. फळीवरचा डबा काढणारी व्यक्ती हाताने डबा काढते असे आपण म्हणतो. त्या हालचालीचा तिसरा हिस्सा तिच्या पाठीने केलेला असतो.

कोपर वाकवण्याचे श्रेयही बेटकुळीला एकटीला देता येत नाही. तिच्याखाली, हाडाला लगटून, आणखी एक रुंद स्नायू आहे. तळहात वर असो, खाली असो, कोपर वाकवण्याचे काम तो सारखेच करतो, आणि कोपर वाकवणाऱ्यांत मुख्य तोच आहे. तो वरून दिसत नाही, त्यामुळे आरशासमोर उभे राहून त्याचे कौतुक कोणी करत नाही.

मूठ हा विषय मला या सगळ्यात सर्वांत जवळचा, कारण तो मी घरात पाहिला. माझ्या वडिलांच्या उजव्या दंडाचे हाड एका पडण्यात मधोमध मोडले. या हाडाच्या मागच्या बाजूने एक मज्जातंतू हाडाला जवळजवळ वेढा घालत खाली उतरतो. हाड तिथे मोडले की तो दुखावण्याचा संभव असतो, आणि तसे झाले. हाताला वेदना होती, पण त्याहून विचित्र गोष्ट ही होती की मनगट खाली लोंबत होते. हात पुढे धरला की पंजा मान टाकल्यासारखा खाली पडे. हा तंतू ज्या स्नायूंना चालवतो ते मनगट आणि बोटे मागे उचलणारे, म्हणजे हाताच्या पाठीकडचे स्नायू. मूठ वळवणारे स्नायू आतल्या बाजूचे असतात आणि त्यांचे तंतू वेगळे. त्यांना काहीही झालेले नव्हते. तरीही बाबांना तांब्या धरता येईना. बोटे वळत, पण त्या वळण्यात जोर नसे. भाकरीचा तुकडा मोडणे अवघड, सदऱ्याचे बटण लावणे अशक्य. जे स्नायू बिघडलेच नाहीत ते निकामी का व्हावेत, हे आम्हाला कोणालाच कळत नव्हते.

ते कळले फिजिओथेरपिस्टच्या खोलीत. वयाने माझ्याहून लहान असलेल्या त्या मुलीने बाबांपुढे स्वतःची दोन बोटे धरली आणि म्हणाली, “काका, दाबा बघू जोरात.” बाबांनी दाबली, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते की काहीच लागले नाही. मग तिने दुसऱ्या हाताने बाबांचे लोंबणारे मनगट खालून उचलून थोडे मागे वळवून धरले आणि म्हणाली, “आता दाबा.” या वेळी तिने चटकन म्हटले, “बास, बास काका!” बाबा स्वतःच्या हाताकडे पाहतच राहिले. ताकद गेलेली नव्हती. तिला उभे राहायला आधार नव्हता, तो त्या मुलीने एका हाताने पुरवला.

हे असे का होते, हे नंतर मी समजून घेतले आणि तेव्हापासून कोणाचाही हात मी पूर्वीच्या नजरेने पाहू शकलेलो नाही. बोटांच्या आत त्यांना वाकवणाऱ्या स्नायूंचे मांस नसते. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांच्या लांब, चिवट कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगट ओलांडून बोटांच्या टोकापर्यंत जातात. म्हणजे बोटे ओढताना त्या कंडरा वाटेतले मनगटही ओढतात. मनगटाला मागून कोणी धरून ठेवले नाही तर ओढणाऱ्याची सगळी लांबी मनगट वाकवण्यातच खर्च होते आणि बोटांपर्यंत पोचेपर्यंत काही उरत नाही. म्हणून निरोगी माणूस मूठ आवळतो त्या क्षणी मनगटामागचे स्नायूही आवळले जातात. वाचकांनी हे करून पाहावे: एका हाताने दुसऱ्या हाताच्या कोपराखालचा मागचा भाग धरावा आणि त्या दुसऱ्या हाताची मूठ घट्ट वळावी. बोटे आत वळत असतात आणि बाहेरच्या बाजूचे स्नायू टणक झालेले असतात. नंतर मनगट पूर्ण आत वाकवून मूठ वळण्याचा प्रयत्न करावा. ती अर्धवट आणि दुबळी होते. पकड सर्वांत घट्ट असते ती मनगट सुमारे ३५ अंश मागे वळलेले असताना.

बाबांना मनगट वर धरून ठेवणारे स्प्लिंट मिळाले आणि ते त्याच आठवड्यात तांब्याने पाणी प्यायले. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो, त्यामुळे पुढचे सगळे सावकाश झाले. आधी कोपराजवळचा स्नायू जागा झाला, मग मनगट उचलणारे, मग बोटे उघडणारे, आणि सर्वांत शेवटी अंगठा. तंतूच्या वाटेवर जो जवळ तो आधी, जो दूर तो नंतर. त्या काळात एक गोष्ट मला फार शिकवून गेली. मूठ वळण्याइतकेच मूठ सोडणेही अवघड होते. तांब्या खाली ठेवला तरी बोटे त्याच्याभोवती अडकून राहत, कारण ती उघडणारे स्नायू अजून यायचे होते. आपण पकडीला ताकद म्हणतो आणि सोडण्याला काहीच म्हणत नाही. शरीराच्या लेखी मात्र सोडण्यासाठीही कोणालातरी काम करावे लागते.

अशा सहकार्याचे दुसरे उदाहरण भिंतीत स्क्रू पिळताना दिसते. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना आपण तळहात वरच्या दिशेने फिरवतो आणि हे फिरवणे बेटकुळीच्या स्नायूचे आवडते काम आहे. पण तो स्नायू एका वेळी दोन गोष्टी करतो, हात फिरवतो आणि कोपरही वाकवतो. आपल्याला फिरवणे हवे असते, वाकवणे नको असते. वाकले तर पेचकस स्क्रूवरून निसटेल. म्हणून दंडामागचा स्नायू त्याच वेळी आखडतो आणि कोपर सरळ करण्याच्या आपल्या ओढीने पुढच्याची नको असलेली ओढ खोडून काढतो. शाळेच्या चित्रात हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. इथे ते एकाच कामावर आहेत आणि मागच्याचे योगदान असे की काही घडू नये. एखाद्याच्या श्रमाचा परिणाम ‘न हललेला कोपर’ हा असेल तर तो श्रम कोणाला दिसणार?

फ्रान्समधील ड्यूशेन या वैद्याने एकोणिसाव्या शतकात त्वचेवरून विजेचा प्रवाह देऊन एकेका स्नायूला सुटे चाळवून पाहिले आणि त्यातून कोणता स्नायू काय करतो याचा मोठा ग्रंथ १८६७ साली प्रसिद्ध केला. सुट्या स्नायूंचा इतका बारकाईने अभ्यास करणाऱ्या या माणसाचा निष्कर्ष मात्र असा होता की निसर्गात स्नायू सुटा काम करत नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो तुकडे करून पाहणाऱ्यानेच काढलेला आहे. पुढे इंग्लंडमध्ये शेरिंग्टन यांनी दाखवले की एका स्नायूला आखडण्याचा आदेश जातो तेव्हा त्याच्या समोरच्याला थांबण्याचा संदेशही मज्जारज्जूतूनच जातो. सैल पडणे म्हणजे दुर्लक्षित राहणे नव्हे, ते घडवून आणलेले असते. शेरिंग्टन यांना १९३२ साली एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेतले ते चित्र मुख्यतः या शोधाचे आहे. स्क्रू पिळणारा हात त्याचा अपवाद दाखवतो, आणि ओल्या फरशीवरून जपून चालणारे, गरम चहाने भरलेला कप नेणारे शरीरही. अशा वेळी समोरासमोरचे दोन्ही स्नायू एकदमच आवळलेले राहतात, सांधा ताठ होतो आणि हालचाल सुरक्षित, पण खर्चीक होते.

सोडण्याच्या कामाकडे आता नीट पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते स्नायूंविषयी आपल्याला सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट तीच आहे. पेला ओठांपासून परत टेबलावर ठेवताना कोपर सरळ होते. कोपर सरळ करणारा स्नायू दंडामागे आहे, मग पेला तोच खाली नेत असेल, असा तर्क कोणीही करील. दंडाला हात लावून पाहिले तर कळते की मागचा स्नायू बहुतांशी सैल आहे आणि पुढचा अजूनही टणक आहे. पेला खाली नेण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. ज्याने तो वर नेला तोच स्नायू आता थोडाथोडा लांब होत, ताण न सोडता, त्याला उतरू देतो. त्याने एकदम सोडले तर पेला आपटेल. खेचत असतानाच लांब होणे, हे वर्णन विसंगत वाटते; पण दिवसभरात आपण जितके चढतो तितकेच उतरतो, जितके उठतो तितकेच बसतो आणि जितके उचलतो तितकेच ठेवतो. म्हणजे आपल्या स्नायूंच्या आयुष्याचा फार मोठा भाग या सावकाश हार मानण्यात जातो.

याचा खर्च किती, हे इंग्लंडमध्ये १९५२ साली अ‍ॅबट, बिग्लंड आणि रिची यांनी एका सुंदर प्रयोगात मोजले. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एक जण पेडल पुढे मारी आणि दुसरा उलट फिरणाऱ्या पेडलांना पायांनी विरोध करी. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच, कारण साखळी एकच. तरीही विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू पेडल मारणाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. तेवढाच जोर लांब होत असताना पेलायचा असेल तर स्नायूला आपले थोडेच स्नायुतंतू कामाला लावावे लागतात.

पण त्या थोड्या तंतूंवरचा भार मोठा असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी कळते. सिंहगड चढताना धाप लागते, घाम फुटतो, मध्ये मध्ये बसावे लागते. उतरताना गप्पा मारत येता येते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आलेल्या असतात, तेव्हा बहुतेक जण चढाला दोष देतात. दोष उताराचा असतो. प्रत्येक पायरीवर शरीराचे वजन मांडीपुढच्या स्नायूंनी लांब होत होत झेललेले असते आणि सवय नसलेल्या तंतूंना त्यात सूक्ष्म इजा होते. चांगली गोष्ट ही की असा एखादा उतार होऊन गेला की पुढच्या वेळी तोच स्नायू बराच कमी दुखतो.

चालण्यात तर प्रत्येक पावलाला हा प्रकार आहे. टाच टेकल्यावर पाऊल फटकन आपटत नाही, कारण नडगीपुढचा स्नायू ते हळूहळू खाली उतरवतो; त्याचा मज्जातंतू दुखावलेल्या माणसाच्या पावलाचा फटफट आवाज येतो. एक पाय उचलला की कमरेची ती बाजू खाली झुकायला हवी. ती झुकत नाही, कारण टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू तिला धरून ठेवतो. म्हणजे उचललेल्या पायासाठी न उचललेल्या पायाची बाजू राबते. हा स्नायू दुबळा असेल तर माणूस डोलत चालतो. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली हे लक्षण नोंदवले आणि आजही डॉक्टर रुग्णाला एका पायावर उभे करून ते तपासतात.

आतापर्यंतची सगळी उदाहरणे हालचाल चालू असतानाची होती. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हालचालीच्या आधी घडते. मॉस्कोमध्ये गुर्फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली उभ्या माणसांना हात झटकन पुढे उचलायला सांगितले आणि स्नायूंमधील विद्युत हालचाल नोंदवली. सर्वांत आधी जागा झाला तो मांडीमागचा स्नायू, खांद्याचा नव्हे. फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा, पण नेमका. हात पुढे गेला की शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकणार, आणि तो सरकण्याआधीच पाय तयारी करून ठेवतात. देवापुढे उभे राहून हात जोडताना, रस्त्यात ओळखीच्या माणसाला हात करताना आपण पडत नाही, याचे कारण आपल्या पायांना आपला बेत आपल्या हातांच्या आधी कळलेला असतो.

याची प्रचिती घरीही घेता येते. कोपर वाकवून तळहातावर एक जड पुस्तक घ्यावे आणि दुसऱ्याला ते अचानक उचलायला सांगावे. रिकामा झालेला हात उसळून वर जातो, आपण कितीही सावध असलो तरी. मग तेच पुस्तक स्वतःच्या दुसऱ्या हाताने उचलावे. हात जागचा हलत नाही. उचलणाऱ्या हाताला दिलेल्या आदेशाबरोबर धरणाऱ्या हाताच्या स्नायूलाही वेळेवर ढिले होण्याची सूचना मिळालेली असते. दुसऱ्याने ‘उचलतो आता’ असे सांगूनही हा फरक पूर्ण भरून निघत नाही. बोलून दिलेली सूचना आणि शरीराने शरीराला दिलेली सूचना एका तोलाच्या नाहीत.

हे सगळे जुळवायला कोण कुठे आहे याची बातमी लागते, आणि ती स्नायूंच्या व कंडरांच्या आत बसलेल्या संवेदकांकडून अखंड येत असते. ती बंद पडली तर काय होते, हे एका ब्रिटिश तरुणाच्या उदाहरणावरून वैद्यकाला कळले. १९७१ साली, वयाच्या १९व्या वर्षी, एका आजारानंतर त्याच्या मानेखालच्या शरीरातील स्पर्शाचे आणि अवयवांची जागा कळवणारे मज्जातंतू निकामी झाले. स्नायू शाबूत होते, त्यांना आदेशही पोचत होते, पण तो अंथरुणात उठून बसू शकत नव्हता. पुढे त्याने डोळ्यांनी पाहत, प्रत्येक हालचाल मनात आधी योजून, बसणे, चालणे, लिहिणे पुन्हा शिकून घेतले. दिवे गेले तर मात्र तो उभ्याचा कोसळे. त्याने जे जाणीवपूर्वक, दिवसभर एकाग्र राहून केले, ते आपण वर्तमानपत्र वाचता वाचता करतो.

या सहकार्याचा सर्वांत संपूर्ण आविष्कार मला जमिनीवरून उठण्यात दिसतो, आणि आपल्याकडच्या घरांत ती कृती अजून पुरती गेलेली नाही. पाटावर, सतरंजीवर, देवासमोर, विळीपुढे बसणारी माणसे अजून आहेत. मांडी घालून बसलेला माणूस उठतो तेव्हा आधी धड पुढे झुकते आणि वजन पावलांवर येते. नडगीपुढचे स्नायू नडगीला पावलावर पुढे ओढून धरतात, पाठीचे स्नायू धड दुमडू देत नाहीत आणि मग मांड्या व नितंब भार उचलतात. या उचलण्यात एक कोडे आहे. मांडीपुढचा मोठा स्नायूसमूह गुडघा सरळ करतो, पण त्यातला एक भाग खुब्यावरून जात असल्याने खुबा वाकवूही पाहतो. मांडीमागचे स्नायू खुबा सरळ करतात, पण गुडघा वाकवू पाहतात. उठताना हे दोन्ही गट एकाच वेळी आखडतात. एकमेकांचे काम त्यांनी हाणून पाडायला हवे. तरीही माणूस उभा राहतो. अमेरिकेतील वॉरेन लोंबार्ड यांनी १९०३ साली हे कोडे मांडले. उत्तर तरफेच्या लांबीत आहे: मागच्या स्नायूंची तरफ खुब्यापाशी मोठी आहे, पुढच्यांची गुडघ्यापाशी. त्यामुळे प्रत्येक सांध्यावर सरळ करणाऱ्याची सरशी होते आणि दोन विरुद्ध ओढींतून दोन्ही सांधे सरळ होतात.

भारतात या बैठकीचे मोल एका कृत्रिम पायाने जगाला दाखवून दिले. पाश्चात्त्य घडणीचा ताठ पाय लावलेल्या माणसाला उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चालता येत नसे. १९६८च्या सुमारास जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, वाकणारा, थोडा वळणारा पाय घडवला. घोट्याचे स्नायू तर गेलेलेच असतात; पण घोटा पुरेसा वाकू दिला की वरचे, मांडीचे आणि खुब्याचे स्नायू बैठकीचा उरलेला हिशेब स्वतः जुळवतात. माणूस कसा बसतो, हे पाहून पाय घडवणारे हे दोघे मला फार आदरणीय वाटतात.

मॉस्कोमध्येच, १९२०च्या दशकात, निकोलाय बर्नस्टाइन यांनी कसलेल्या कामगारांच्या अंगावर लहान दिवे लावून त्यांच्या हातोडीच्या घावांची छायाचित्रे घेतली. हातोडी दर वेळी जवळजवळ एकाच जागी पडे. पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे वेगळे असत. म्हणजे सराव झालेले शरीर हालचालींची एकच प्रत पुनःपुन्हा काढत नाही. एका सांध्यात झालेली चूक दुसरा सांधा तिथल्या तिथे सावरतो, आणि स्थिर राहतो तो फक्त परिणाम. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात पाहिला तर हेच दिसते. पीठ कधी जास्त भिजते, कधी कमी, परातीचा कोन बदलतो, बोलता बोलता ती मान वळवते. भाकरी गोल आणि सारख्या जाडीची होते. नवशिक्या मुलीचे खांदे मात्र कानांपर्यंत चढलेले असतात, मनगट ताठ असते आणि थोड्याच वेळात तिचा हात भरून येतो, कारण तिच्या प्रत्येक सांध्याभोवतीचे दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळलेले असतात. सराव होत जातो तसे त्यांतले अनावश्यक आवळणे एकेक करून गळून पडते. खांदा आधी उतरतो, मनगट नंतर सुटते.

उतारवयात ही दिशा काहीशी उलटते. पाय वेगाने सावरणारे तंतू घटतात, संवेदकांकडून येणारी बातमी मंदावते आणि शरीर पडण्याच्या भीतीने पुन्हा दोन्ही बाजू आवळून धरू लागते. त्यात सर्वांत आधी दिसते ते बसणे. खुर्चीपर्यंत नीट गेलेले माणूस शेवटची वीतभर धप्पकन खाली पडते, कारण सावकाश लांब होत वजन उतरवणे मांड्यांना जमेनासे होते. आपण अशा माणसांना उठायला हात देतो, आणि तो द्यायलाच हवा. पण बसताना त्यांच्या मांड्यांना काय करावे लागते इकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. बाबांचा हात बरा झाल्यावर त्याच फिजिओथेरपिस्टने आईबाबा दोघांनाही काही साधे व्यायाम सांगितले आणि त्यांत वजने उचलण्याचा एकही नव्हता. खुर्चीवर बसताना मनात पाच अंक मोजत बसायचे आणि टेकण्याच्या आधी क्षणभर थांबायचे. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल धरायचा, मग दुसऱ्या. चवड्यांवर उभे राहायचे, आणि टाचा वर नेण्यात जितका वेळ गेला त्याच्या दुप्पट वेळ त्या खाली टेकवायला घ्यायचा.